कर्करोगाच्या गाठीत औषध नेणारे जीवाणू

जीवाणू हा शब्द उच्चारताच सामान्य माणसाच्या मनात पटकी, विषमज्वर, क्षय अशा रोगांची नावे येतात. शाळेतही जीवाणूंची ओळख बहुधा शत्रू म्हणूनच करून दिली जाते. तथापि दुधाचे दही करणारे आणि कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहून जमिनीला नत्र मिळवून देणारे जीवाणूही तितकेच खरे आहेत. गेल्या काही दशकांत या सूक्ष्मजीवांकडून एक नवे काम करून घेण्याचा प्रयत्न जगातील निरनिराळ्या प्रयोगशाळांत चालू आहे. जीवाणूच्या जनुकांत योजनापूर्वक बदल करावयाचा, त्याला कर्करोगाच्या गाठीत शिरू द्यावयाचे आणि तेथे त्याच्याकडूनच औषधी प्रथिन तयार करवून घ्यावयाचे, अशी ही कल्पना आहे.

या प्रयोगांच्या बातम्या अधूनमधून वृत्तपत्रांत येतात. मोठा मथळा वाचून, ज्या घरात कर्करोगाचा रुग्ण आहे त्या घरातील माणसे शाळेतील गुरुजींकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात चौकशी करू लागतात. हे औषध कोठे मिळेल, चालू उपचार थांबवून त्याची वाट पाहावी काय, असे प्रश्न विचारले जातात. या प्रश्नांचे उत्तर चुकले तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. म्हणून या संशोधनात काय साधले आहे आणि काय साधावयाचे राहिले आहे, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

गाठीचा गाभा

कर्करोगाची घन गाठ म्हणजे एकसारख्या पेशींचा गोळा नव्हे. गाठीतील पेशी अनिर्बंध वाढतात, परंतु त्यांना प्राणवायू व अन्न पुरविणाऱ्या रक्तवाहिन्या त्या प्रमाणात आणि नीट रचनेने वाढत नाहीत. त्या वेड्यावाकड्या व गळक्या असतात. रक्तवाहिनीतून बाहेर पडलेला प्राणवायू मिलिमीटरच्या सुमारे एक ते दोन दशांश भागापर्यंतच पोहोचतो. त्यापलीकडील पेशी प्राणवायूवाचून गुदमरतात व मरतात. त्यामुळे मोठ्या गाठीच्या मध्यभागी मृत पेशींचा गाभा आणि त्याभोवती प्राणवायूची चणचण असलेला पट्टा तयार होतो.

कर्करोगाच्या उपचारातील एक मोठी अडचण याच ठिकाणी आहे. शिरेतून दिलेले औषध रक्तातून जाते. जेथे रक्त पुरेसे पोहोचत नाही तेथे औषधही पुरेसे पोहोचत नाही. प्रारणोपचाराचा परिणामही प्राणवायू कमी असलेल्या पेशींवर कमी होतो. शिवाय अशा भागातील पेशी सावकाश विभागत असल्याने, वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारणारी औषधे त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरतात. औषधाची मात्रा वाढवावी तर केस, आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा अशा शरीरातील निरोगी पेशींवर आघात होतो. औषध गाठीत भरपूर आणि इतरत्र अत्यल्प असे कसे करावे, हा यातील मूळ प्रश्न होय.

जीवाणूंच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलटी आहे. काही जीवाणूंना प्राणवायू मुळीच सहन होत नाही, तर काही प्राणवायू असताना आणि नसतानाही वाढू शकतात. गाठीचा गुदमरलेला गाभा त्यांना सोयीचा वाटतो. मृत पेशींतून त्यांना आयते अन्न मिळते. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील रक्षक पेशींचा वावर तेथे कमी असतो. रक्तातील किंवा यकृत, प्लीहा यांसारख्या अवयवांतील जीवाणूंचा शरीर लवकर नाश करते, परंतु गाठीत शिरलेले जीवाणू टिकून राहतात व वाढतात. गाठ असलेल्या उंदरांना साल्मोनेला जातीचे जीवाणू टोचले असता, काही दिवसांनी गाठीतील जीवाणूंची संख्या यकृतातील संख्येच्या हजारपट किंवा त्याहून अधिक आढळते. औषधाला जेथे जाणे अवघड, तेथे जीवाणू आपण होऊन वस्ती करतो, हा या सर्व संशोधनाचा पाया आहे.

जुने निरीक्षण

जीवाणू आणि कर्करोग यांचा संबंध आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील डॉक्टरांना असे आढळले होते की, धावरे या त्वचेच्या तीव्र संसर्गानंतर काही रुग्णांच्या गाठी लहान होतात. न्यूयॉर्क येथील शस्त्रक्रियातज्ज्ञ विल्यम कोली यांना जुन्या नोंदी तपासताना असाच एक रुग्ण आढळला. त्याच्या मानेवरील गाठ शस्त्रक्रियेला दाद देत नव्हती. धावऱ्याचा संसर्ग झाल्यावर ती नाहीशी झाली होती. १८९१ मध्ये कोली यांनी जिवंत स्ट्रेप्टोकोकस जीवाणू रुग्णाला टोचून पाहिले. जिवंत जीवाणूंचा धोका ध्यानात आल्यावर त्यांनी दोन जातींच्या मृत जीवाणूंचे मिश्रण वापरण्यास प्रारंभ केला. ते कोली यांचे विष या नावाने ओळखले जाऊ लागले.

काही रुग्णांना त्याचा खरोखर लाभ झाला, परंतु कोणाला होईल व कोणाला होणार नाही हे सांगता येत नसे. मिश्रणाची शक्ती दर वेळी सारखी नसे. त्याच सुमारास क्ष-किरणोपचार पुढे आला आणि कोली यांची पद्धत मागे पडली. लाभ कशामुळे होतो याचा उलगडा झालेला नसल्यामुळे ती पद्धत सुधारताही येत नव्हती.

१९५५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाने दुसरी बाजू उजेडात आणली. माल्मग्रेन आणि फ्लॅनिगन या संशोधकांनी उंदरांना धनुर्वाताच्या जीवाणूंचे बीजाणू शिरेतून टोचले. बीजाणू म्हणजे प्रतिकूल परिस्थितीत टिकून राहणारी जीवाणूची निद्रिस्त अवस्था. प्राणवायू असेपर्यंत ते उगवत नाहीत. निरोगी उंदरांना काहीही झाले नाही. गाठी असलेले उंदीर मात्र धनुर्वाताने मेले. याचा अर्थ उघड होता. शरीरात इतरत्र न उगवणारा बीजाणू गाठीत उगवला होता आणि तेथे त्याने विष, म्हणजे एक प्रथिनच, तयार केले होते. मारक प्रथिनाऐवजी औषधी प्रथिन तयार करणारा जीवाणू मिळाला तर काय होईल, हा विचार या प्रयोगातून साहजिकच पुढे येतो. परंतु त्या काळी जीवाणूच्या जनुकांत हवा तसा बदल करण्याचे साधन उपलब्ध नव्हते.

बीसीजीचा अनुभव

जिवंत जीवाणू कर्करोगाच्या उपचारात वापरता येतो, याचे सर्वमान्य उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. क्षयरोगाविरुद्ध नवजात बालकांना देण्यात येणारी बीसीजी लस म्हणजे गायीच्या क्षयाचा सौम्य केलेला जिवंत जीवाणू होय. फ्रान्समधील काल्मेट आणि गेरँ या शास्त्रज्ञांनी १९०८ पासून तेरा वर्षे हा जीवाणू प्रयोगशाळेत पुनःपुन्हा वाढवून त्याची रोगकारक शक्ती घालविली आणि १९२१ मध्ये तो माणसाला प्रथम देण्यात आला.

१९७६ मध्ये कॅनडातील डॉक्टर अल्वारो मोरालेस यांनी हीच लस मूत्राशयाच्या अस्तरातील कर्करोगावर वापरली. नळीवाटे मूत्राशयात लस सोडली असता तेथे दाह निर्माण होतो, रक्षक पेशी धावून येतात आणि उरलेल्या कर्कपेशींचाही नाश करतात. १९९० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचारास मान्यता दिली. स्नायूंपर्यंत न पोहोचलेल्या, परंतु पुन्हा उद्भवण्याचा धोका असलेल्या मूत्राशय-कर्करोगासाठी हा उपचार आजही जगभर वापरला जातो. पुणे येथील सीरम इन्स्टिट्यूटमध्येही या कामासाठी बीसीजी तयार केली जाते. बीसीजी येथे कोणतेही नवे औषध वाहून नेत नाही; ती केवळ शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करते. पुढचा टप्पा जीवाणूकडून औषध बनवून घेण्याचा होता.

प्रथिनांचा कारखाना

शरीरातील बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रत्येक प्रथिन कसे बनवावे याची कृती जनुकात लिहिलेली असते आणि ही लिपी जीवाणूपासून माणसापर्यंत सर्व सजीवांत जवळजवळ एकच आहे. म्हणून एका सजीवाचे जनुक दुसऱ्यात बसविले तर तो दुसरा सजीव पहिल्याचे प्रथिन बनवू शकतो. १९७३ मध्ये अमेरिकेतील कोहेन आणि बोयर या शास्त्रज्ञांनी जीवाणूत परके जनुक बसविण्याची रीत सिद्ध केली. १९७८ मध्ये आतड्यात राहणाऱ्या इ. कोलाय जीवाणूकडून मानवी इन्शुलिन तयार करवून घेण्यात आले व १९८२ मध्ये ते औषध म्हणून बाजारात येण्यास मान्यता मिळाली. त्यापूर्वी मधुमेही रुग्णांना डुक्कर किंवा गाय यांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्शुलिनवर अवलंबून राहावे लागे.

इन्शुलिनसाठी जीवाणू कारखान्यातील मोठ्या टाकीत वाढविले जातात, नंतर त्यांना मारून प्रथिन वेगळे व शुद्ध केले जाते आणि ते कुपीत भरले जाते. कर्करोगावरील नव्या प्रयत्नांत हा कारखानाच गाठीत नेऊन बसवावयाचा आहे. तसे झाल्यास औषध गाठीतच तयार होईल, तेथेच वापरले जाईल आणि उर्वरित शरीराला त्याची झळ कमी लागेल. रक्तातून दिल्यास विषारी ठरणारी काही प्रभावी प्रथिनेही या मार्गाने वापरता येतील, अशी अपेक्षा आहे.

तीन अटी

अशा जीवाणूने तीन अटी पूर्ण कराव्या लागतात. पहिली अट, त्याने रुग्णाला आजारी पाडता कामा नये. यासाठी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे मुळात निरुपद्रवी जीवाणू निवडणे. जर्मनीतील डॉक्टर आल्फ्रेड निस्ल यांना १९१७ मध्ये एका सैनिकाच्या विष्ठेत इ. कोलायचा एक प्रकार सापडला. आजूबाजूचे सैनिक अतिसाराने आजारी पडले असता हा सैनिक निरोगी राहिला होता. निस्ल यांच्या नावाने ओळखला जाणारा हा जीवाणू पोटाच्या विकारांवर औषध म्हणून दीर्घकाळ वापरला गेला असून, आजच्या पुष्कळ प्रयोगांत तोच घेतला जातो. दुसरा मार्ग रोगकारक जीवाणूला लंगडा करण्याचा. साल्मोनेलाच्या एका प्रकारातून दोन जनुके काढून टाकण्यात आली. एक काढल्यामुळे त्याला वाढीसाठी प्युरीन हा घटक बाहेरून मिळणे आवश्यक झाले; तो गाठीत मुबलक असतो. दुसरे काढल्यामुळे त्याच्या आवरणातील, रुग्णाचा रक्तदाब धोकादायकरीत्या खाली आणू शकणारा पदार्थ सौम्य झाला.

दुसरी अट, त्याने औषध योग्य जागीच बनवावे. जनुकाच्या आरंभी एक कळ असते. ती दाबली गेली तरच प्रथिन बनू लागते. प्राणवायू कमी असतानाच चालू होणारी कळ, किंवा रुग्णाला विशिष्ट पदार्थ दिल्यावरच चालू होणारी कळ, अशा युक्त्या योजल्या जातात.

तिसरी अट, बनलेले प्रथिन जीवाणूच्या बाहेर पडावे. जीवाणूला भक्कम आवरण असते. आत कितीही औषध साचले तरी ते बाहेर न पडल्यास उपयोग शून्य. या अडचणीवर सापडलेला एक उपाय विशेष लक्षणीय आहे.

ठरल्या वेळी फुटणारे जीवाणू

जीवाणू परस्परांशी रासायनिक संदेशांद्वारे संपर्क ठेवतात. प्रत्येक जीवाणू एका संदेशद्रव्याचा अल्पांश बाहेर सोडतो. वस्ती विरळ असताना ते विरून जाते. वस्ती दाट झाली की त्याचे प्रमाण वाढते आणि आपली संख्या पुरेशी झाल्याचे सर्वांना एकाच वेळी कळते. सभेची गणसंख्या पूर्ण झाल्यावरच कामकाज सुरू व्हावे, तसाच हा प्रकार आहे.

सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था येथील संशोधकांनी २०१६ मध्ये या गुणाचा उपयोग करून दाखविला. त्यांनी साल्मोनेलात अशी रचना केली की, वस्ती ठराविक घनतेला पोहोचताच जीवाणूचे आवरण फोडणारे जनुक चालू व्हावे. त्यासाठी जीवाणूंवर जगणाऱ्या एका विषाणूचे जनुक वापरण्यात आले. घनता गाठली की बहुतेक जीवाणू एकदम फुटतात, त्यांच्यातील औषधी प्रथिन गाठीत पसरते, आणि वाचलेले थोडे जीवाणू पुन्हा वाढू लागतात. पुन्हा गणसंख्या भरते, पुन्हा फुटणे होते. अशा रीतीने औषधाच्या मात्रा ठराविक अंतराने आपोआप दिल्या जातात. जीवाणूंची संख्याही मर्यादेबाहेर जात नाही, हा दुसरा लाभ. यकृतात पसरलेला आतड्याचा कर्करोग असलेल्या उंदरांना हे जीवाणू नेहमीच्या कर्करोगविरोधी औषधाबरोबर दिले असता त्यांच्या आयुष्याची कमाल मर्यादा सुमारे ५० टक्क्यांनी वाढली. मात्र ते उंदीर रोगमुक्त झाले नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

२०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी फुटण्याची हीच रीत इ. कोलायच्या एका निरुपद्रवी प्रकारात बसविली आणि त्याच्याकडून वेगळे प्रथिन बनवून घेतले. पुष्कळ कर्कपेशी आपल्या पृष्ठभागावर सीडी-४७ नावाचे प्रथिन धारण करतात. भक्षक पेशींना ते जणू मला खाऊ नका, असे सांगते. जीवाणूंनी बनविलेले लहान प्रतिपिंड या प्रथिनाला चिकटून ते झाकून टाकते. त्यामुळे भक्षक पेशी कर्कपेशींना गिळू लागतात आणि त्यांची ओळख इतर रक्षक पेशींना करून देतात. हेच प्रतिपिंड सर्व शरीरात पसरल्यास तांबड्या रक्तपेशींनाही अपाय होऊ शकतो, कारण त्यांच्यावरही सीडी-४७ असते. म्हणून ते गाठीतच बनविण्याला महत्त्व आहे. या प्रयोगात, जीवाणू टोचलेल्या गाठी तर विरल्याच, शिवाय त्याच उंदराच्या शरीरातील न टोचलेल्या गाठींची वाढही मंदावली. प्रतिकारशक्तीला एका ठिकाणी मिळालेली ओळख दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडली, असा याचा अर्थ होतो.

याच विद्यापीठात २०२३ मध्ये आणखी एक कल्पना मांडली गेली. रुग्णाच्या रक्तातील रक्षक टी-पेशी बाहेर काढून त्यांना कर्कपेशी ओळखण्याचे शिक्षण देणारा उपचार रक्ताच्या काही कर्करोगांत यशस्वी झाला आहे. मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या अशा उपचारास भारतात २०२३ मध्ये मान्यता मिळाली. घन गाठींत मात्र तो तितका परिणामकारक ठरत नाही, कारण गाठीतील सर्व पेशींवर सारखी खूण नसते आणि तीच खूण काही निरोगी पेशींवरही असू शकते. यावर उपाय म्हणून, जीवाणूंनी गाठीत जाऊन तेथील पेशींना एक कृत्रिम खूण चिकटवावी आणि टी-पेशींनी त्या खुणेवर हल्ला करावा, असा प्रयोग उंदरांवर करण्यात आला व तो सफल झाला.

भारतीय शास्त्रज्ञाचा वाटा

जीवाणूंच्या अभियांत्रिकीच्या इतिहासात बंगालमध्ये जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती यांचे नाव ठळक आहे. अमेरिकेत काम करीत असताना त्यांनी खनिज तेल पचविणारा जीवाणू घडविला. घडविलेल्या सजीवाला पेटंट मिळू शकते, असा निकाल त्यांच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिला. पुढे शिकागो येथे त्यांनी स्यूडोमोनास जीवाणूतील अझुरीन या प्रथिनाचा अभ्यास केला. हे प्रथिन कर्कपेशींत शिरून त्यांची वाढ रोखते. त्याच्या २८ घटकांच्या एका तुकड्याची १५ रुग्णांवरील प्राथमिक चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. येथे जिवंत जीवाणू दिलेला नसून त्याचे प्रथिन दिलेले आहे. तरीही जीवाणूच्या भांडारात कर्करोगावरील औषधे असू शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

माणसावरील चाचण्या

उंदरावरील यश आणि माणसावरील यश यांत मोठे अंतर असते. याचा प्रत्यय २००२ मध्ये आला. दोन जनुके काढलेला साल्मोनेला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत २५ रुग्णांना शिरेतून देण्यात आला. योग्य मात्रेत तो बहुतांशी सुरक्षित ठरला, परंतु केवळ ३ रुग्णांच्या गाठीत तो आढळला आणि एकाही रुग्णाची गाठ लहान झाली नाही. उंदरांत गाठीची वाट सहज शोधणारा जीवाणू माणसाच्या रक्तातून मात्र लवकर नाहीसा होत होता. जीवाणू अधिक सौम्य केला तर तो गाठीत टिकत नाही आणि कमी सौम्य केला तर रुग्णाला धोका, असा हा पेच आहे.

२००३ मध्ये याच जीवाणूत एका एंझाइमाचे जनुक बसवून तो ३ रुग्णांच्या गाठीत थेट टोचण्यात आला. हे एंझाइम एका निरुपद्रवी औषधाचे रूपांतर ५-फ्लुरोयुरासिल या कर्करोगविरोधी औषधात करते. त्यांपैकी २ रुग्णांच्या गाठीत हे रूपांतर घडल्याचे दिसून आले. रुग्णांची संख्या अत्यल्प असली तरी जीवाणू माणसाच्या गाठीत उपयुक्त प्रथिन बनवू शकतो, याचा पुरावा या चाचणीने दिला.

क्लॉस्ट्रिडियम जातीच्या एका जीवाणूतून घातक विषाचे जनुक काढून त्याचे बीजाणू गाठीत टोचण्याचे प्रयोगही झाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आपोआप गाठी उद्भवलेल्या १६ पाळीव कुत्र्यांपैकी ६ कुत्र्यांना लाभ झाला. त्यांपैकी ३ कुत्र्यांच्या गाठी पूर्ण नाहीशा झाल्या. त्यानंतर २४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींच्या गाठी आक्रसल्या, परंतु काहींना तीव्र संसर्गासारखा त्रासही झाला.

भारतातील रुग्णांचाही या संशोधनात सहभाग आहे. लिस्टेरिया या जीवाणूला सौम्य करून, गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूचे एक प्रथिन बनविण्याची व्यवस्था त्यात करण्यात आली. रक्षक पेशींना त्या प्रथिनाची ओळख व्हावी आणि त्यांनी ते धारण करणाऱ्या कर्कपेशींवर हल्ला करावा, असा हेतू होता. भारतातील १०९ रुग्ण स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग उलटलेल्या या रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश बारा महिन्यांनी हयात होत्या. त्या आधारे मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी सुरू करण्यात आली, परंतु ती पूर्ण होण्यापूर्वीच २०१९ मध्ये थांबविण्यात आली. २०२३ मध्ये निस्ल यांच्या जीवाणूवर आधारलेल्या दुसऱ्या एका औषधाच्या प्राथमिक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ते औषध ३२ रुग्णांना देण्यात आले होते. प्रतिकारशक्ती जागृत झाल्याची चिन्हे दिसली, परंतु रोग हटविण्याइतका परिणाम दिसला नाही.

या सर्वांचे तात्पर्य असे की, घडविलेला जिवंत जीवाणू अद्याप कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांत दाखल झालेला नाही. तो संशोधनाच्या अवस्थेत आहे.

धोके आणि दक्षता

औषधाची गोळी शरीरात वाढत नाही, जीवाणू वाढतो. म्हणून त्याला आवर घालण्याची सोय आधीच करून ठेवावी लागते. रुग्णाला दिलेला जीवाणू नेहमीच्या प्रतिजैविकांनी मरतो याची खात्री करून घेतली जाते. आवश्यक घटक बाहेरून मिळाल्याखेरीज जगू न शकणारे जीवाणू घडविले जातात, म्हणजे ते रुग्णाच्या शरीराबाहेर माती-पाण्यात पसरणार नाहीत. प्रयोगशाळेत सोयीसाठी वापरलेली प्रतिजैविक-रोधक जनुके माणसासाठीच्या जीवाणूत राहू देता येत नाहीत, कारण ती इतर जीवाणूंत शिरण्याचा संभव असतो.

आणखी एक अडचण जीवाणूच्या स्वभावातच आहे. औषध बनविण्याचे ओझे वाहणारा जीवाणू सावकाश वाढतो. ते जनुक गमावलेला त्याचा भाईबंद भराभर वाढून वस्ती व्यापून टाकतो. मग गाठीत जीवाणू राहतात, पण औषध बंद होते. हे टाळण्यासाठी परके जनुक जीवाणूच्या मूळ गुणसूत्रातच बसविण्याचे किंवा ते गमावणारा जीवाणू मरेल अशी योजना करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

भारतात जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांची निर्मिती, वापर, आयात, निर्यात व साठवण यांवर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केलेल्या १९८९ च्या नियमांनुसार नियंत्रण ठेवले जाते. संशोधन करणाऱ्या संस्थेतील जैवसुरक्षा समिती, केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाची पुनरावलोकन समिती आणि पर्यावरण मंत्रालयाची मूल्यांकन समिती अशी ही रचना आहे. याच नियमांत राज्य पातळीवर समन्वय समितीची आणि जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची तरतूद आहे, ही गोष्ट अधिकारी वर्गाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. माणसावरील चाचणीसाठी २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनुसार केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि नैतिकता समितीची संमती लागते. रुग्णाला त्याच्या भाषेत सर्व माहिती देऊन त्याची लेखी संमती घेणे बंधनकारक आहे.

गावपातळीवर काय सांगावे

एखादी व्यक्ती जीवाणूंपासून केलेले कर्करोगाचे औषध म्हणून काही विकू लागली, तर ते मान्यताप्राप्त औषध नव्हे, असे समजावे. खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाची किंमत रुग्णाकडून घेतली जात नाही, तिची नोंद भारताच्या चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीत झालेली असते आणि ती रुग्णालयातच होते. दही, ताक किंवा बाजारातील जीवाणुयुक्त पूड खाऊन गाठ विरघळते, असा अर्थ या संशोधनातून मुळीच निघत नाही. प्रयोगशाळेतील जीवाणू विशिष्ट हेतूने घडविलेला असतो आणि तो ठरावीक मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिला जातो. उपचारांमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाला साधे जीवाणूही अपायकारक ठरू शकतात. म्हणून अशी कोणतीही पूड डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, चालू असलेला उपचार नव्या औषधाच्या आशेने थांबवू नये. शस्त्रक्रिया, प्रारणोपचार आणि औषधे यांनी बरे होणारे कर्करोग पुष्कळ आहेत. मात्र त्यासाठी रोग लवकर ओळखला गेला पाहिजे. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन ठिकाणच्या कर्करोगांसाठी तीस वर्षांवरील व्यक्तींची तपासणी शासकीय आरोग्य कार्यक्रमात अंतर्भूत आहे. ग्रामसभेत या तपासणीची तारीख जाहीर करणे, आशा कार्यकर्तीला घरोघरी साहाय्य करणे आणि तंबाखूचे दुष्परिणाम शाळेत समजावून सांगणे, ही कामे आजच करता येण्याजोगी आहेत.

कोली यांनी पहिल्या रुग्णाला जीवाणू टोचले त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. त्यांच्या हाती केवळ एक निरीक्षण होते. आजच्या संशोधकांपाशी जनुके वाचण्याचे, बदलण्याचे व त्यांना कळ बसविण्याचे साधन आहे. माणसाच्या गाठीत जीवाणू पुरेशा संख्येने पोहोचविणे आणि तेथे त्याला पुरेसा काळ कामाला लावणे, हे त्यांच्यापुढील काम अद्याप शिल्लक आहे. ते पुरे होईल तेव्हा नव्या उपचाराचा लाभ ज्यांच्यापर्यंत पोहोचावयाचा, ते रुग्ण तोवर योग्य उपचारांखाली राहतील, याची काळजी मात्र गावोगावच्या जाणत्या माणसांनी घ्यावयाची आहे.